प्रेमिलाबाईच्या सहा टाक्या

तुम्ही शिकलेले लोक आहात ना? मग सांगा. एकच पाणी, एकच खाद्य, एकाच खोक्यातून आलेली पिल्लं. तरी भिंतीकडच्या सहा टाक्यांतले झिंगे टणाटण उड्या मारतात आणि दाराकडच्या सहा टाक्यांतले रोज सकाळी आडवे पडलेले सापडतात. काहून?

नाही ना सांगता येत? मग प्रेमिलाबाईला हसू नका. तिथे पीएचडीवाल्यांनाही सांगता येत नव्हतं.

प्रेमिलाबाई नंदनवनच्या झोपडपट्टीतली. कामाला हिंगणा रोडवरच्या एका मत्स्य संशोधन केंद्रात, कंत्राटावर. नागपुरात समुद्र नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण पूर्णेच्या काठी खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही आणि माणसाच्या घशाखाली उतरत नाही. त्या पाण्यात समुद्राकाठची कोळंबी जगवता येते का, हे शोधायचं काम केंद्राने अंगावर घेतलं होतं. महिन्यातून दोनदा तिकडून टँकर यायचा, बारा टाक्यांत पाणी ओतायचा. साहेब लोक 'कोळंबी' म्हणायचे, प्रेमिलाबाई आपली 'झिंगे'च. भिंतीकडच्या सहा टाक्या तिच्या, दाराकडच्या सहा दुर्गेशच्या. दुर्गेश म्हणजे कंपनी बंद पडल्यावर इथे चिकटलेला तरणा गडी.

दोन खेपा पिल्लं आली आणि दोन्ही खेपांना दुर्गेशची मेली.

"मावशी, तू काही मंतर मारून राहिली का वं?" जाळीने मेलेले झिंगे काढता काढता तो म्हणाला.

"चूप बस. आम्ही बुद्धाची लेकरं, आमच्यात मंतर चालत नाही."

"मंग माह्येच काहून मरून राहिले?"

"तू त्यायले शिव्या देतं."

"शिव्या तं तू बी देतं!"

"माह्या शिव्यात माया रायते गा."

अदिती मॅडम, म्हणजे प्रयोग करणारी पोरगी, हिने पाणी तपासलं, हवेच्या नळ्या बदलल्या, दाराला पडदा लावला. काही फरक नाही. मग मोठे साहेब आले, दुर्गेशच्या गालातली सुपारी-तंबाखूची गोटी पाहिली आणि निकाल देऊन मोकळे झाले. "खर्रा! तंबाखूच्या हातानं खाद्य टाकतो हा. मरतील नाही तर काय होईल?"

दुर्गेशने खर्रा सोडला. नागपूरच्या माणसाने खर्रा सोडणं म्हणजे काय, ते नागपूरकरालाच विचारा. आठ दिवस तो ज्याच्या त्याच्यावर खेकसत होता. दुसऱ्या खेपेतले उरलेले झिंगेही मेलेच. साहेबाने खर्र्याबद्दल एक शब्द मागे घेतला नाही. उलट सांगितलं, "तिसरी खेप मेली, तर एक तारखेपासून येऊ नकोस."

त्या संध्याकाळी प्रेमिलाबाई सिटीबसमध्ये उभ्या उभ्या विचार करत होती. आपण असं काय करतो, जे हा पोरगा करत नाही? आणि सक्करदऱ्याच्या चौकात तिला एकदम आठवलं.

राख!

शेडमध्ये पाटी होती: पाण्याशिवाय टाकीला काहीही लावू नये. घासायला एक मऊ ब्रश दिला होता. त्या ब्रशने बुळबुळ निघायची नाही, नुसती पसरायची. ज्या बाईने जन्मभर राखेनं भांडी लख्ख केली, तिला हे कसं बघवेल? आंघोळीचं पाणी ती अजून बाभळीच्या काड्यांवर तापवते. ती राख लुगड्याच्या फडक्यातून चाळून बिस्किटाच्या डब्यात आणायची आणि रोज सकाळी मूठभर राख नारळाच्या शेंडीला लावून टाकीचे काठ घासायची. राख पाण्यात पडायची. पडली तर पडली.

पण राखेनं जीव वाचतो? राख तर मेल्यावरची वस्तू! तिला काही उमजेना. सांगावं तर आपली नोकरी जाते, गप्प बसावं तर दुर्गेशची. तिसरी खेप आली तेव्हा तिने दुर्गेशच्या नऊ नंबरच्या टाकीचे काठ रोज गुपचूप घासले. बारा दिवसांनी दुर्गेशच्या पाच टाक्या मेल्या. नऊ नंबरमध्ये उड्या चालू.

दुर्गेश नऊ नंबरपुढे डोकं खाजवत उभा. "आता हे काहून जगले?"

प्रेमिलाबाई डबा घेऊन सरळ अदिती मॅडमपुढे गेली. "मॅडम, पोराची काही गलती नाही. हे पाहा, मी हे लावून राहिली होती."

मॅडमने डब्यात बोट घातलं आणि राख चिमटीत चोळून बघितली. "पोटॅश! मावशी, राखेत पोटॅश असतं. समुद्राच्या पाण्यात ते भरपूर, खारपाणाच्या पाण्यात फार कमी. त्याच्यावाचूनच मरत होती ती!"

"म्हणजे खाऱ्या पाण्यातबी काही कमी असते?"

"असतं ना."

प्रेमिलाबाईला हे पटलं की नाही, तिचं तिला कळलं नाही. दुर्गेश कामावर राहिला एवढं मात्र कळलं. दुपारी तो खर्रा घोटून आला.

आणि बातमी मोठ्या साहेबापर्यंत पोचल्यावर, चार वाजता शिपायाने तिच्या हातात दोन कागद ठेवले. घरी मोनालीने, तिच्या पोरीने, वाचून दाखवले. पहिला: प्रयोगाच्या टाक्यांत विनापरवानगी राख टाकून तीन खेपांचे आकडे बिघडवल्याबद्दल आपलं कंत्राट का रद्द करू नये, तीन दिवसांत लेखी खुलासा करा. दुसरा: पुढील प्रयोगासाठी आपल्या घरची बाभळीची राख, चाळून, पाच किलो, सोमवारी जमा करा. खाली दोन्हींवर सही एकाच माणसाची, मोठ्या साहेबाची!

"आई, तुले काढून राहिले का बोलावून राहिले?" मोनालीने विचारलं.

"मलेच समजून नाही राहिलं वं."

राख नेली तर पुन्हा राखेचा गुन्हा. नाही नेली तर हुकूम मोडल्याचा गुन्हा. दुर्गेशने अक्कल चालवली, "मावशी, राख ने, पण टाकू नको. साहेबाले टाकू दे." अदिती मॅडम म्हणाली, माझी बदली साहेबाच्याच हातात, खुलासा मी लिहून देऊ शकत नाही.

पाच किलो राख चाळून पिशवीत बांधली आहे. खुलाशाचा कागद कोरा आहे. काय लिहायचं? चूक केली म्हणावं तर नोकरी जाते, बरोबर केलं म्हणावं तर साहेब चुकला असं होतं, आणि साहेब चुकला असं लिहायला ऑफिसच्या कागदात जागाच नाही. सोमवारी अकरा वाजता कागद द्यायचा आहे. तुमच्यापैकी कोणाला ही ऑफिसची भाषा येत असेल, तर रविवारी नंदनवनला या आणि प्रेमिलाबाईला तेवढ्या चार ओळी लिहून द्या.