लिंबाजींचा पाय ठरेना

कंधारच्या लिंबाजी गजभाऱ्यांचा जन्म नळाला पाणी सोडण्यात गेला. या गल्लीची चावी उघड, त्या गल्लीची बंद कर, असं करत सायकलवर गावभर. निवृत्त झाल्यावरही उगाच बसस्टँडपर्यंत चकरा चालूच. नागुबाई म्हणायच्या, "ह्यांच्या पायाला भिंगरी बांधूनच माय-बापानं धाडलंय."

मग नागुबाई न्हाणीत घसरल्या आणि खुबा मोडला. नांदेडला ऑपरेशन झालं. मुलगी महामाया तिथंच नर्स, म्हणून त्या तिच्याकडे राहिल्या. पण तिच्या घरी सासू-सासरे होते, खोल्या दोनच. मुलगा आनंदराज लातूरला शिक्षक. "दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे, बाबा," म्हणून तो लिंबाजींना घेऊन गेला. कंधारच्या घराला कुलूप लागलं. नागुबाई खाटेवरून उठल्याच नाहीत आणि दोन महिन्यांचं दीड वर्ष झालं.

लातूरला नात ऋतुजा मेडिकलच्या 'नीट' परीक्षेच्या अभ्यासात. टीव्ही बंद, बोलणं कुजबुजत. लिंबाजी हॉलमध्ये येरझाऱ्या घालायला लागले की सून शिल्पा हळूच म्हणायची, "बाबा, जरा खाली जाऊन फिरता का?" तिच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. ते खाली जायचे, कॉलनीभर फिरायचे, तरी दुपार सरायची नाही. नागुबाईंशी फोन व्हायचा, पण दोन्हीकडं माणसं भोवती. "जेवलीस का, गोळी घेतलीस का" याच्यापुढं बोलणं जात नसे.

पंच्याहत्तरी उलटलेल्यांना एसटीत तिकीट लागत नाही हे कळलं आणि त्यांना वाट सापडली. सकाळी लातूरहून बसायचं, नांदेडात नागुबाईंच्या खाटेशी तासभर टेकायचं, की परत. आधी महिन्याला, मग आठवड्याला, मग आठवड्यात दोनदा.

एका दुपारी महामायानं दार उघडलं. रात्रपाळी करून आलेली, डोळे तांबारलेले.

"बाबा, परवाच येऊन गेलात की."

"हाव. तिकडं बसवंना."

तिनं पाणी दिलं आणि भिंतीकडं बघत म्हणाली, "महिन्यातून एकदाच येत जा, बाबा. सासूबाईंना बोलायला निमित्त होतं. मग मला दोन्हीकडून ऐकावं लागतं."

आतल्या खोलीत नागुबाईंनी सगळं ऐकलं होतं. लिंबाजी आत गेले, दार लोटलं आणि वाकून म्हणाले, "चल, आनंदाची माय. कंधारला जाऊ. मी करतो तुझं समदं."

"याड लागलं का? मला उठवायला दोघी लागतात."

"मी हाय ना."

"मग उठवून बघा."

त्यांनी नागुबाईंच्या काखेत हात घातले. नागुबाईंनी त्यांच्या मानेला मिठी घातली. त्या अर्ध्या उठल्या असतील नसतील, लिंबाजींचा तोल गेला आणि दोघंही खाटेवर आदळले. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून नागुबाईंनी पदर तोंडात कोंबला. कळ ओसरायला लई वेळ लागला.

"जावा तुम्ही," त्या म्हणाल्या. "लेकरांचं काही चुकत न्हाई."

"मग चुकतंय कुणाचं?"

नागुबाईंनी लिंबाजींचा वर चढलेला सदरा खाली ओढून नीट केला.

त्यानंतर लिंबाजी महिन्यातून एकदाच जात राहिले. पोळ्याच्या सुमारास नागुबाईंना ताप भरला, छातीत कफ दाटला आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. आनंदराजनं गाडी केली. "आईची तब्येत जास्त झालीय," एवढंच सांगितलं. अहमदपूरच्या अलीकडं त्याला फोनवर "थांबा, आम्ही पोचल्याशिवाय उचलू नका" म्हणताना लिंबाजींनी ऐकलं. पुढं त्यांनी गाडी दोनदा थांबवली, रस्त्याच्या कडेनं थोडं चालले आणि मुकाट्यानं परत येऊन बसले.

नागुबाईंच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी महामाया त्यांच्या गळ्यात पडली. "मीच तुम्हाला येऊ नका म्हणाले, बाबा."

"तुझा इलाज नव्हता, माय," ते म्हणाले आणि बुद्धवंदना चालू असतानाच उठून बाहेर आले. आनंदराज मागोमाग आला.

"बाबा, आता निवांत लातूरला राहा. ऋतुजाची परीक्षाही झाली."

"न्हाई रे. मला कंधारला सोड."

"तिथं कोण आहे तुमचं?"

"कुणीच न्हाई. म्हणून कुणाला आडचण बी न्हाई."

आता ते कंधारलाच असतात. भाकर थापता येत नाही म्हणून भात टाकतात. रविवारी दोघं लेकरं फोन करतात, विचारतात, "बाबा, काय करताय?"

लिंबाजी तेव्हा रस्त्यावरच असतात. "बसलोय निवांत," म्हणतात आणि चालत राहतात.