पिस्टन बाहेर काढण्याआधी

ती घटना आठवली की पोलीस ठाण्याच्या आवारात इंजिन उघडून उभी केलेली ती मोटार अजून डोळ्यांपुढे येते. तीसच्या दशकातली गोष्ट. मी इंदापूरला फौजदार होतो.

बारामती-इंदापूर रस्त्यावर उतारू घेऊन धावणारी एक सर्व्हिस मोटार शेळगावपाशी धूर ओकत बंद पडली आणि तिचा मालक तावातावाने ठाण्यात आला.

"साहेब, गेल्या म्हैन्यात बारामतीच्या मिस्त्रीकडनं नवं पिस्टन घालून घेतलं. आमच्या डायवरानं ते काढून इकलं अन् जुनंच घातलं!"

ड्रायव्हरला पिस्टन विकताना पाहिल्याची खबर खुद्द मिस्त्रीनेच दिली होती. मी ड्रायव्हरला ताब्यात घेतले. निरवांगीचा, पन्नाशीचा माणूस. सगळे त्याला तात्या म्हणत.

"मला मोटार चालवाया येती साहेब, खोलाया न्हाय," एवढेच तो सांगे. चोर फार बोलतो, हा माझा अनुभव. हा विचारले तेवढेच बोलायचा. चोरीचा शिक्का बसला तर पुन्हा कोणी हातात मोटार देणार नाही, या धास्तीने त्याने जेवणही टाकले होते. मला त्याची दया आली, पण दयेवर तपास चालत नाही.

म्हणून पंच बोलावले आणि त्यांच्यासमोर इंजिन उघडायला मिस्त्रीलाच बसवले. आत जुने पिस्टन सापडले की तात्याचा गुन्हा शाबीत, असा त्याचा हिशेब असावा. त्याने इंजिनाचे डोके उतरवले, खालून पिस्टनला धरणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे नट सोडले. आता पिस्टन वर ढकलायचे, तोच त्याने सिलिंडरच्या तोंडाशी पाते लावून घासायला सुरुवात केली.

"हे काय करता?"

"पिस्टन जिथपत्तुर वर जातं तिथपत्तुरच सिलिंडर झिजतं साहेब. त्याच्या वर ही न झिजलेली कडा राहती. ती घासल्याबिगर पिस्टन काढलं तर त्याच्या रिंगा मोडत्यात."

"महिन्याभरात एवढी कडा तयार होते?"

"म्हैन्यात कुठली? वर्सं लागत्यात..."

त्याचा हात थांबला.

"मग गेल्या महिन्यात जुने पिस्टन काढलेत, तेव्हा ही कडा घासली नव्हती?"

त्याने पाते खाली ठेवले. "काढलंच न्हाय, साहेब." नवे पिस्टन त्याच्याच दुकानातल्या पेटीत, तेलकट कागदात गुंडाळलेले सापडले.

तात्या त्याच दिवशी सुटला. मालकाने त्याच्यापुढे हात जोडले आणि पुढे मिस्त्रीशीही कोर्टाच्या परवानगीने तडजोड केली. मोटार मात्र मालक दुरुस्तीला पुण्याला न्यायला निघाला. तात्याने त्याला अडवले.

"पिस्टन ह्याच मिस्त्रीकडनं बसवा, मालक."

"तुला आत घालाया निघाला हुता त्यो!"

"व्हय. पर ठोकून काढलं असतं तर कडा कुणालाच दिसली नसती अन् मी आतच ऱ्हायलो असतो. त्याला इंजिन ठोकवलं न्हाय."

गुन्हेगार ओळखायला मी नोकरीत शिकलो. त्याच्यातले शाबूत काय आहे तेही पाहावे, हे मला तात्याने शिकवले. पुढे माझी बदली झाली, तेव्हा मी त्याच मोटारीने बारामतीला गेलो. तात्या चालवत होता आणि वाटेत ती कुठेही अडली नाही.