नव्या जाळ्याचा साक्षीदार

बोदलकसा तलावावर पाणमांजर दिसलं की मी मोबाइलवरच्या वन्यप्राणी-नोंदणीत फोटो टाकतो. माझी पहिली नोंद तरंगत्या ओंडक्याची निघाली. तेव्हापासून काठावरचा एक मासेमार मला ‘लाकूडवाले साहेब’ म्हणतो.

“तुमचं मांजर माह्यं जाळं फाडून राहिलं. सापडू द्या एखादं, खोपडीच फोडतो.” हे तो रोज ऐकवतो, दातांनी दोरा तोडत, माझ्याकडे न बघता.

परवा सकाळी खरंच सापडलं. त्याच्या नव्या जाळ्यात गुरफटलेलं पाणमांजर चिरक्या आवाजात ओरडत होतं आणि हा कोयता घेऊन कमरेभर पाण्यात उभा. मी घाईघाईनं मोबाइल उचलला.

“थांबा ना भाऊ.”

“चूप रहा,” तो म्हणाला.

कोयता खाली आला आणि जाळं उभं फाटलं. पाणमांजर बुडी मारून दिसेनासं झालं. फोटोत आला तो माझा अंगठा.

तेवढ्यात डोंगा वल्हवत आलेल्या दुसऱ्या मासेमारानं विचारलं, “काऊन गा, नवं जाळं कसं फाटलं?”

“त्याच हरामखोरानं फाडलं.” तो पाण्यात थुंकला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, “इचार या साहेबाले.”

मी गंभीरपणे मान डोलावली. चुकीच्या नोंदी करायचा मला अनुभव होताच.