मीटरवरचा चहा

समोरच्या खोलीतलं टेबल रिकामं करायला भाऊजी आले, तेव्हा मी एवढंच म्हटलं, "नेण्याआधी एकदा चालवून दाखवा."

भाऊजी म्हणजे माझ्या यजमानांचे भागीदार, मूळचे वळसंगचे. टॉवेलच्या मागांची इलेक्ट्रॉनिक कार्डं दोघं दुरुस्त करत. दुरुस्त झालेलं कार्ड बराच वेळ चालू ठेवायचं, मीटरनं मोजायचं आणि कॉम्प्युटरनं आकडे टिपायचे. मधे अंगठ्याएवढी जाड, करडी केबल. एका केबलच्या टोकावर दुसरीचं टोक बसवून बोटांनी स्क्रू आवळायचे, अशी सगळी यंत्रं एकमेकांत गुंतलेली. एखादं बंद केलं तर कधीकधी सगळीच अडून बसत, म्हणून केर काढताना बटणांना हात लावायची मला बंदी होती.

चाचणी संपली की यजमानांनी लिहिलेला प्रोग्रॅम मीटरला एक शब्द पाठवायचा. आकडे जाऊन तिथे हिरव्या रोमन अक्षरांत 'चहा' उमटायचं. मराठी लिपी त्या मीटरला येत नव्हती. स्वयंपाकघराच्या दारातून मला ते दिसायचं आणि मी हातातलं पुस्तक पालथं घालून उठायचे.

"तोंडानं मागायला काय होतं?" मी एकदा विचारलं.

"मी मागितला की तू कुरकुरतेस. मीटरवर कशी चिडशील?"

ते गेल्यानंतरचा हा दुसरा उन्हाळा. भाऊजींच्या नव्या मीटरला घरच्या इंटरनेटच्या डब्याला असते तसली बारीक वायर लागते. आकडे मोबाइलवरसुद्धा येतात. जुनी केबल ज्याला जोडता येते तो एकच कॉम्प्युटर उरलाय, आणि तोही सुरू होताना अडखळतो.

"ह्याचं आता काय खरं न्हाय, वहिनी," बटण पुन्हा दाबत भाऊजी म्हणाले. अखेर तो सुरू झाला. त्यांनी एक लहानशी चाचणी लावली. आकडे बदलत राहिले, मग थांबले, आणि तो शब्द आला.

आम्ही दोघंही बघत राहिलो.

"नव्या मीटरवर पण टाकतो की हे," भाऊजी म्हणाले. "झकास मराठीत येईल. तुमच्या मोबाइलवर पण पाठवतो."

त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. मी बँकेत रांगेत उभी असताना पिशवीतला मोबाइल वाजेल आणि त्यावर 'चहा' असेल, असं डोळ्यांपुढे आलं. तो करून मी कुणाला नेऊन देणार?

"नको, भाऊजी."

त्यांनी बटणाकडे हात नेला. मी त्यांना थांबवलं आणि आत जाऊन आधण ठेवलं. त्यांचा चहा पिऊन होईपर्यंत अक्षरं तशीच होती. मग त्यांनी एकेक यंत्र बंद केलं आणि केबल सोडवायला घेतली. शेवटचा स्क्रू त्यांच्या बोटांना हलेना.

"लई घट्ट आवळलाय की गड्यानं," ते म्हणाले. "पक्कड हाय का कुटं?"

पक्कड कुठल्या खणात आहे ते मला ठाऊक होतं. सांगायला जरा वेळ लागला.