पहिल्या बहराची टोपली

आदरणीय आप्पांची आणि माझी पहिली भेट एका चोरून खाल्लेल्या चिकूमुळे झाली. सत्कारानंतर निघणाऱ्या गौरवग्रंथाच्या समितीने मला भारदस्त सुरुवात करायला सांगितलं होतं, पण जे घडलं ते असंच घडलं, त्याला माझा इलाज नाही. मी तलासरी तालुक्यातल्या झरी गावची. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी गावातल्या बायांबरोबर डहाणूच्या खाडीच्या दक्षिणेला आप्पांच्या वाडीत चिकू निवडायच्या कामाला आले होते. दुपारच्या सुट्टीत विहिरीजवळच्या एका जुन्या झाडाखाली टेकले, शेजारी पडलेलं पिकलं फळ उचललं आणि खाल्लं. मुकादम लगेच अंगावर धावून आला, कारण वाडीतलं फळ न विचारता उचलायचं नाही असा तिथला नियम होता.

तेवढ्यात पांढऱ्या सदऱ्यातले एक उंच गृहस्थ तिथे आले आणि मुकादम बाजूला झाला. त्यावरून मला कळलं की हेच मालक. त्यांनी मला एवढंच विचारलं की फळ कसं लागलं. मी घाबरले होते, पण माझी जीभ माझ्या ताब्यात कधीच नसते. म्हटलं, या फळापुढे तुमचा खोक्यांत भरलेला सगळा माल म्हणजे नुसतं पाणी आहे. आप्पा मोठ्याने हसले. मग त्यांनी सांगितलं, की हे झाड त्यांच्या आईने लावलेलं आहे. फळ लहान आणि साल इतकी पातळ, की खोक्यात घातलं तर जवळच्या मसोलीपर्यंतसुद्धा धड पोचत नाही. म्हणून ते बाजारात कधी गेलंच नाही, फक्त घरातल्यांनी खाल्लं. आता त्यात माझीही भर पडली होती.

आप्पा म्हणजे जनार्दनराव. आमच्या भागात त्यांना पूर्ण नावाने हाक मारणारं कोणी उरलेलं नाही. भाताची खाचरं, भाजीचे वाफे, चिकूची मोठी वाडी, आणि एका चुलीवर जेवणारं वीस-बावीस माणसांचं घर, हे सगळं वडिलांच्या मागे त्यांनी आणि धाकटे बंधू बाळूभाऊ यांनी सांभाळलं. घरचे कर्ते आप्पाच, पण त्यांनी कुणाला हुकूम सोडलेला मी ऐकला नाही. एखादी गोष्ट ठरवायची असली की ते सगळ्यांना ओटीवर बोलावत, प्रत्येकाचं ऐकून घेत आणि स्वतः शेवटी बोलत. जेवायलाही शेवटच्या पंगतीला बसत. व्यापाऱ्यांशी गुजरातीत, कचेरीत मराठीत आणि आम्हा डोंगराकडच्या बायांशी आमच्या बोलीत बोलत. आमची बोली त्यांना धड येत नसे आणि आम्ही तोंडाला पदर लावून हसायचो, तरी त्यांनी ती सोडली नाही.

या घराची एक रीत आहे. ज्याने कलम बांधलं असेल, त्या झाडाच्या पहिल्या बहराची पहिली टोपली त्याच्या घरी जाते. बांधणारा मजूर असो की घरचा मुलगा, तो काम सोडून गेलेला असला तरी त्याचं गाव शोधून टोपली पोचवायची. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला ती थोरामोठ्यांची हौस वाटली. मग मोखाड्याच्या वाटेवरच्या एका पाड्यावर टोपली घेऊन चार मैल चालत गेलेल्या बाळूभाऊंना पाहिलं, आणि तोंड बंद ठेवलं.

त्या टोपलीच्या आशेनेच मी कलमं बांधायला शिकेन म्हणून हट्ट धरला. आमच्याकडे चिकूचं कलम खिरणीच्या रोपावर बांधतात. खिरणीचं रोप पिशवीत वाढवायचं, ते चिकूच्या फांदीजवळ न्यायचं, दोघांची साल थोडी तासून त्यांना एकमेकांना घट्ट बांधायचं आणि तीन महिने तसंच ठेवायचं. जीव जुळला की सांध्याच्या वर खिरणीचा शेंडा कापायचा आणि सांध्याच्या खाली चिकूची फांदी कापायची, म्हणजे खिरणीच्या मुळावर चिकू उतरतो. ऐकायला सोपं आहे. पहिल्याच वर्षी मी सांध्याखाली फांदीऐवजी खिरणीच कापली. एक नाही, ओळीने बावीस. बावीस रोपांची मुळं पिशव्यांत राहिली आणि कलमं गेली. वर चिकूच्या फांद्या झाडावर जशाच्या तशा डुलत होत्या.

मी रडून घेतलं आणि डबा उचलून घरी निघाले. आप्पांनी फाटकात गाठलं. त्यांनी खिशातला स्वतःचा कलमाचा चाकू काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "उद्यापासून वाडीतलं सगळं कापायचं काम तुझं, सुनंदा. ज्याने अजून चूक केली नाही, त्याला मी हे देत नाही." त्या चाकूची मूठ आता झिजली आहे. आज चारोटीला हमरस्त्याच्या कडेला माझी रोपवाटिका आहे आणि तिथे कामाला आठ बायका आहेत. कापायला बसताना चाकू तोच असतो.

आप्पांचे उपकार मोजायला बसले तर ग्रंथाची बाकीची पानं मलाच लागतील, म्हणून एकच सांगते. रोपवाटिका सुरू केली तेव्हा किनाऱ्यावरचे बागायतदार माझी कलमं घेईनात. डोंगरातली बाई काय कलम बांधणार, असा त्यांचा समज. आप्पांनी माझ्याकडून शंभर कलमं नेली, आपल्या वाडीच्या दर्शनी बाजूला लावली आणि कोणी विचारलं तर माझं नाव सांगत राहिले. माझ्याबद्दल चांगलं मात्र त्यांनी माझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही. दुसऱ्यांकडून मला ते कळायचं.

गौरवलेखात दोष लिहू नयेत म्हणतात. पण आप्पांचा एक दोष लिहिल्याशिवाय पुढची गोष्ट सांगता येत नाही. ते कुठल्याही कामाला म्हणतात, "घाई काय आहे?" मी त्यांना कितीदा तरी म्हटलं होतं, आईच्या झाडाची दोन कलमं बांधून ठेवू या. हजारो कलमं बांधलेल्या माणसाने त्या झाडाचं एकही कलम बांधलं नव्हतं. बाजाराचं फळ नव्हे म्हणून दरवर्षी ते मागे राहायचं. घाई काय आहे, झाड कुठे पळून जातंय?

सन २०१४ च्या श्रावणात एका सकाळी बाळूभाऊंचा फोन आला. वाऱ्याने झाड आडवं झालं होतं.

मी पोचले तेव्हा आप्पा विहिरीच्या कठड्यावर बसले होते. निम्मी मुळं वर आली होती, निम्मी मातीत होती. पानं अजून हिरवी होती. झाडाच्या भाराखाली शेजारची दोन कलमं मोडली होती आणि टेम्पोची वाट बंद झाली होती. बाळूभाऊंनी करवतवाल्यांना सांगून ठेवलं होतं आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. संध्याकाळी ओटीवर सगळे बसले. आप्पांना तीन महिने हवे होते. तेवढे दिवस पडलेलं झाड जगलं तरच त्यावर कलमं जुळणार होती, नाहीतर आईच्या हातचं ते फळ कायमचं संपणार होतं. बाळूभाऊ म्हणाले की पडलेलं झाड तीन महिने जगत नाही, आपण उगाच आशा धरतो आहोत. आप्पा थोरले होते, एक शब्द टाकला असता तर विषय मिटला असता. ते म्हणाले, "चूक माझी आहे, बाळू. इतकी वर्षं मी टाळलं. मला तीन महिने उसने दे." बाळूभाऊ उठले आणि बाहेर जाऊन करवतवाल्यांना फोन करून त्यांनी नको म्हणून सांगितलं.

माझ्याकडे कलमाच्या जाडीची खिरणीची आठच रोपं तयार होती. ती घेऊन आले. एरवी उंच फांदीला कलम बांधायला मांडव घालावा लागतो. या वेळी फांद्या जमिनीशी आल्या होत्या, आम्ही पाटावर बसून बांधायला सुरुवात केली. सात मी बांधली. आठवं आप्पांनी मागून घेतलं.

आता जे लिहिते आहे ते पाच वर्षं मी कोणाला सांगितलं नव्हतं. आप्पांचा हात थरथरत होता. साधा नाही, चाकू सालीवर टेकेना इतका. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन वर्षं ते कलमं का बांधत नव्हते आणि चहा बशीत का ओतत नव्हते. मी चाकू घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी मान हलवली. तासायला त्यांना अर्धा तास लागला. बांधताना मी फक्त पट्टीचं टोक धरून ठेवलं. संपल्यावर म्हणाले, "हे घरात बोलू नकोस." मी बोलले नाही. हा लेख लिहिण्याआधी त्यांची परवानगी मागितली, तेव्हा ते म्हणाले, आता सगळ्यांना दिसतंच आहे, लिही.

तीन महिने आम्ही त्या झाडाची सेवा केली. उघड्या मुळांवर माती चढवली, वर ओली गोणपाटं घातली, फांद्यांना टेकू दिले. पाऊस थांबल्यावर पाणी घालावं लागलं. एकदा मी पहाटेच पोचले, तर बाळूभाऊ लुंगी खोचून गोणपाटांवर बादल्या ओतत होते. मला बघून ते जरा ओशाळले आणि म्हणाले की झोप येत नव्हती. नंतर काकूंकडून, म्हणजे आप्पांच्या पत्नीकडून कळलं, की ते रोजच उठतात.

तिसऱ्या महिन्यात पानं पिवळी पडू लागली. एकेक फांदी वाळली आणि तिच्यावरचं कलम गेलं. आठाची पाच झाली, पाचाची तीन. माझा धीर सुटला. उरलेली लगेच कापू या, म्हणून मी आप्पांच्या मागे लागले. त्यांनी सांधा बोटाने चाचपला आणि आणखी आठ दिवस थांबायला सांगितलं. या वेळी त्यांचं ते थांबणं मला सहन होईना. मी नको ते बोलले. म्हटलं, तुमच्या थांबण्यानेच ही वेळ आली. ते शब्द आजही मला टोचतात. आप्पांनी ऐकून घेतलं आणि सावकाश म्हणाले, "तेव्हा मी आळसाने थांबलो. आज सांधा कच्चा आहे म्हणून थांबतोय. तू बावीस कापलीस ना, हात लावून बघ." मी बघितलं. सांधा खरंच कच्चा होता.

आठ दिवसांनी मी दोन कलमं उतरवली, तिसरं त्याआधीच गेलं होतं. एक मी बांधलेलं, एक आप्पांनी. दुसऱ्या आठवड्यात झाड पूर्ण वाळलं.

पुढच्या पावसाळ्यात माझं कलम विहिरीजवळ जुन्या झाडाच्या जागी लागलं. आप्पांनी स्वतः बांधलेलं मात्र माझ्या हातात दिलं आणि झरीला लावायला सांगितलं. मी नको म्हणत होते. आईच्या झाडाचं, त्यांच्या हातचं शेवटचं कलम मी कशी नेणार? त्यांनी साधा हिशेब सांगितला, की दोन्ही एका जागी लावली तर एका वाऱ्यात दोन्ही जातील. शिवाय तुझी माती खिरणीला मानवते, म्हणाले. मी ते माझ्या घरामागे लावलं. पहिली तीन वर्षं फुलं खुडली, कारण लहान वयात फळ धरलं की झाड खचतं. दर भेटीत आप्पा घरातल्या माणसांच्या आधी त्याची खुशाली विचारायचे.

या वर्षी दोन्ही झाडांची फुलं ठेवली. माझ्याकडे अकरा फळं धरली. आप्पांच्या पंचाहत्तरीचा दिवस धरून ती उतरवली, पेंढ्यात घालून पिकवली आणि टोपली मांडीवर घेऊन झरीहून एसटीने निघाले. कंडक्टर म्हणाला, मावशी, टोपली वर ठेवा. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढे गेला. चारोटीला रोपवाटिकेत पाणी प्यायला उतरले, तर दारात बाळूभाऊ उभे. त्यांच्या हातातही टोपली होती. विहिरीजवळच्या झाडाची पहिली फळं, बांधणारीच्या घरी पोचवायला निघाले होते. आम्ही दोघं एकमेकांच्या टोपलीकडे बघत राहिलो आणि मला रडू आवरेना. बाळूभाऊंनी डोळे पुसले आणि माझ्यावरच रागावले, की उशीर होतोय, चला.

सत्काराच्या मांडवात पाहुणे जमले होते. मी टोपली आप्पांपुढे ठेवली. अकरातली दोन फळं वाटेत फुटली होती, साल तशीच पातळ. आप्पांनी फुटलेलंच उचललं. भरल्या मांडवात, हात न लपवता, त्या थरथरत्या बोटांनी त्यांनी ते सोललं. कोणी मदतीला गेलं नाही, कारण बाळूभाऊंनी सगळ्यांना खुणेने थांबवलं होतं. आप्पांनी एक फोड खाल्ली. मग माझ्याकडे बघून त्यांनी तोच जुना प्रश्न केला, "कसं लागलं, सुनंदा?" आणि दुसरी फोड माझ्या हातावर ठेवली.

आयुष्यात पहिल्यांदा माझी जीभ गप्प बसली. ते उत्तर इथे देते. आप्पा, तेच फळ आहे. तसूभरही फरक नाही.

आता शुभेच्छा. चिकूचं झाड पुऱ्या भरात यायला अजून दहा-बारा वर्षं लागतात, आणि तोवर आप्पांनी धडधाकट राहून ते बघायचं आहे, एवढंच माझं देवाकडे मागणं आहे. आप्पा, तुम्हाला कशाचीच घाई नसते. ती अशीच नसू द्या. रीत पहिल्या बहराच्या टोपलीची आहे हे मला ठाऊक आहे, पण मी ती दरवर्षी आणणार. पुढच्या वर्षी चार फळं जास्त असतील.