तिसाव्या वाढदिवसाचं औक्षण

शेजारच्या सुधाताईंच्या निखिलला काल तिसावं पूर्ण झालं. त्यांनी हौसेने मलाही बोलावलं होतं. त्याला पाटावर बसवून कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या आणि तबक ओवाळत त्या म्हणाल्या, “शतायुषी हो, बाळा.”

इंजिनीअर झालेला हा घोडा तोंड वाकडं करून म्हणाला, “वय नको गं वाढवूस, आई. आजपासून माझे गुण कमी झाले.”

कॅनडात कायमचं राहण्यासाठी त्याने अर्ज केलाय. तिथे शिक्षणाला गुण, इंग्रजीला गुण, अनुभवाला गुण. वयालाही आहेत, पण तिशी गाठली की ते दर वाढदिवसाला घटत जातात.

मला शिसारी आली. बाजारात बैल घेताना त्याचा जबडा उघडून दात बघतात. पण बैल निदान आपणहून तोंड उघडत नाही! आमची हुशार पोरं मात्र आ वासून रांगेत उभी आहेत, आणि स्वतःच्या वाढदिवसाला सुतकी चेहऱ्याने बसताहेत.

सुधाताईंचं तबक हातातच थांबलं होतं. त्यांनी विचारलं, “आणि आईवडलांचे किती गुण धरतात रे?”

“तुमचे नाही धरत, आई.”

“बरं,” त्या म्हणाल्या. मग राहिलेलं ओवाळणं त्यांनी पुरं केलं, पण या वेळी तोंडाने काहीच म्हणाल्या नाहीत.