आयकं का वं

मोठ्या भावाच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं: जीव वाचेल, आवाज जाईल. शिरपूरजवळच्या आमच्या गावात भाऊचा आवाज म्हणजे एक प्रकरण होतं. त्याने शेतातून हाक मारली की गल्लीतली झोपलेली कुत्री उठायची. मी धुळ्यात इलेक्ट्रॉनिक बोर्डं बनवते, म्हणून त्याच्यासाठी एक बोलती डबी केली. मोठी मोठी बटणं आणि प्रत्येक बटणाला त्याच्याच आवाजातलं एकेक वाक्य. मोबाईल देऊन टाका की, असा फुकटचा सल्ला पुष्कळांनी दिला. पण भाऊची बोटं इतकी राठ, की मोबाईलची काच त्यांना दादच देत नाही.

ऑपरेशनच्या आधी तो डबी घेऊन ओट्यावर बसला आणि बटणं भरू लागला. 'पाणी दे.' 'भूक लागनी.' 'बठ्ठं बराबर शे,' म्हणजे सगळं ठीक आहे. शेवटच्या बटणात वहिनीला मारायची हाक. लग्न झाल्यापासून त्याने तिचं नाव कधी घेतलेलं नाही. उंबऱ्याबाहेरूनच ओरडायचं, 'आयकं का वं!', म्हणजे ऐकलंस का गं, आणि मग काय हवं ते सांगायचं. हे सगळं थेट डबीतल्या फ्लॅश चिपमध्ये साठत गेलं. दुसरीकडे कुठेच त्याची प्रत नव्हती.

ऑपरेशन नीट झालं. भाऊ घरी आला आणि काही दिवसांनी वहिनी एसटीने माझ्याकडे आली. पिशवीतून डबी काढून तिने टेबलावर ठेवली.

"बाई, हाक मारानं बटन दाबं का डबी खरखर करस. त्यासना आवाज गया का वं?"

मी बटण दाबलं. 'आयकं' एवढं ऐकू आलं आणि पुढे नुसती खरखर. बाकीची बटणं ठणठणीत. तिला म्हटलं, बघते, होईल काहीतरी. असं मी गिऱ्हाइकांना सांगते तेव्हा मला काहीच समजलेलं नसतं.

वहिनीची बस गेल्यावर मी आधी चिपचा लिहायला मनाई करणारा पाय, म्हणजे पिन, ग्राउंडच्या तारेला जोडून टाकला. फ्लॅशमध्ये एक चुकीचा हुकूम गेला तर एकदम मोठा तुकडा पुसला जातो. आता प्रश्न एकच होता. हाक चिपमध्येच खराब झाली आहे, की चिपमधून प्रोसेसरकडे येताना वाटेत बिघडते आहे? वाटेत बिघडत असेल तर वाट दुरुस्त करता येते. चिपमध्येच खराब असेल, तर भाऊ ती पुन्हा मारू शकणार नव्हता.

हे तपासायची रीत साधी आहे. हाकेचं बटण दाबून, ती वाजत असताना चिपमधली तीच जागा दोनदा वाचायची. दोन्ही वेळा चूक सारखीच आली तर खेळ खलास. पहिलं वाचन लॅपटॉपवर उतरलं. दुसऱ्याच्या आधी मी उठून पाणी प्यायले, खिडकी बंद केली, उगीच टेबल पुसलं. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

दुसरं वाचन वेगळं आलं! तिसरं आणखी वेगळं. म्हणजे चिप खोटं बोलत नव्हती, वाटेत कुणीतरी तिचं बोलणं तोडत होतं. पण मग बाकीची वाक्यं नीट कशी येतात? मी स्वतः तर डबी कितीदा तपासली होती. 'हॅलो, हॅलो, चेक,' असं ऑफिसात बोलतात तशा बेताच्या आवाजात.

तिथेच डोक्यात उजेड पडला. पाणी मागताना भाऊ माणसासारखा बोलला होता. हाक मात्र त्याने डबीत तोंड घालून, शेतातून मारावी तशी मारली होती. तो जोर बाहेर काढताना स्पीकर बॅटरीतली सगळी ताकद ओढून घ्यायचा, शेजारची चिप क्षणभर उपाशी राहायची आणि प्रोसेसरच्या हाती भलतंच यायचं. अरे बाबा, मशीनपुढे तरी जरा हळू! मी एकटीच मोठ्याने म्हणाले.

स्पीकर काढून पुन्हा वाचलं. दोन्ही वाचनं तंतोतंत सारखी. आधी प्रत करून ठेवली, मग कानाला हेडफोन लावला. अख्खी हाक होती. मी रडले, चांगली हुंदके देऊन. मग चिपच्या पायांपाशी एक कपॅसिटर जोडला, म्हणजे स्पीकरने कितीही ओढलं तरी तिच्यापुरती वीज राखलेली राहील.

रविवारी गावी गेले. भाऊ ओट्यावर बसला होता, गळ्याला पांढरी पट्टी. वहिनी मागच्या अंगणात भांडी घासत होती. मी डबी त्याच्या हातात दिली. त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि शेवटचं बटण दाबलं.

"आयकं का वं!"

"येस ना! इतला वरडतस कसाले?" मागून वहिनीचा वैतागलेला आवाज आला. राखेने भरलेले हात तसेच घेऊन ती तणतणत दारापर्यंत आली आणि भाऊच्या हातातली डबी पाहून तिथेच थांबली.

भाऊने पुन्हा बटण दाबलं.

"उनू ना," आले ना, असं ती हळूच म्हणाली आणि त्याच्याजवळ येऊन बसली.